जेवणाचा रकाना

मी चिडकी आहे हे आमच्या उदगीरच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. आई म्हणते, हिच्या नाकावर माशी बसत नाही. नाही बसत तर नाही बसत. पण हा राग तसला नाही. रिक्षावाल्याशी भांडले, घरी येऊन चहा प्याले, संपलं, असं याचं होत नाही. किनवट तालुक्यातल्या एका निवासी शाळेत सातवीतली एक मुलगी तापात दोन दिवस पडून राहिली. तिला दवाखान्यात न्यायचं की नाही हे एका टॅबला विचारलं जात होतं, आणि त्या टॅबच्या आतला प्रोग्राम मी लिहिलेला होता. टॅब म्हणाला, थांबा. तो तसं का म्हणाला हे मला आता नीट सांगायचंय. ज्यांनी सांगायला पाहिजे होतं ते लातूरला शाल-श्रीफळ घेऊन मोकळे झाले.

माझी नोकरी नांदेडला, विद्यापीठातल्या एका संशोधन प्रकल्पात. पदाचं नाव संशोधन सहयोगी. ऐकायला भारदस्त, पण ऑर्डर अकरा महिन्यांची. अकरा महिने झाले की एक दिवस घरी बसायचं, की पुन्हा अकरा महिने. तो एक दिवस कशासाठी, तर उद्या कुणी म्हणू नये की बाई सलग कामावर होती, तिला कायम करा. मी चौतिसाव्या वर्षी पीएचडी घेऊन असल्या चौथ्या ऑर्डरवर होते. बसायला जागा होती ती बिघडलेल्या मॉनिटरच्या ढिगाशेजारी. पंखा होता, त्याला रेग्युलेटर नव्हता.

विषय फजी लॉजिक. उदगीरला कुणी विचारलं तर मी आईच्या भाजीवरून सांगते. कॉम्प्युटरला हो किंवा नाही कळतं. ताप आहे? हो. ताप नाही? नाही. पण माणूस तसा बोलत नाही. माणूस म्हणतो, अंग जरा कोमट लागतंय, पोरगी बऱ्यापैकी सुकलीय, खोकला लई नाही पण हाय. या ‘जरा’ला, ‘बऱ्यापैकी’ला, ‘लई’ला आकड्यात बसवायचं आणि त्यावरून काय करावं याचा सल्ला काढायचा, म्हणजे आमचं काम. आई मीठ टाकते तसं. चमचा मोजत नाही, पण चुकतही नाही. मला हा विषय मनापासून आवडायचा. बोलणाऱ्या माणसाचा अंदाज मोलाचा मानणारं हे एकच गणित आहे, असं मी ज्याला त्याला सांगत फिरायची. मूर्खासारखी!

प्रकल्प असा होता की वसतिगृहातली मुलगी आजारी पडली तर अधीक्षिकेनं टॅबवर तिची लक्षणं भरायची आणि टॅबनं तीनपैकी एक उत्तर द्यायचं. काळजी नको, हे हिरवं. निरीक्षणात ठेवा, हे पिवळं. दवाखान्यात न्या, हे लाल. त्या शाळेतून दवाखाना लांब, गाडी नाही, नर्स आठवड्यातून एकदा बाजाराच्या दिवशी येणार. अशा ठिकाणी असलं काहीतरी पाहिजेच होतं. कल्पना चांगली होती हे मी आजही म्हणेन. सरांची होती. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख, प्रकल्पाचे मालक. माणूस गोड. कधी आवाज चढवणार नाहीत. ‘मॅडम, आपण पेपरच्या दृष्टीनं बघू या,’ एवढंच म्हणणार, आणि तुमचा पुरता निकाल लावणार.

टॅबला शिकवायचे नियम गोळा करायला मी त्या शाळेत महिनाभर येऊन-जाऊन होते. डॉक्टरांकडून काही नियम घेतले, नर्सकडून काही. आणि स्वयंपाकघरातल्या मावशींकडून एक. मावशी म्हणजे तिथली स्वयंपाकीण. वीस वर्षं तिथंच भाकरी थापतायत. मी सहज विचारलं, ‘मावशी, पोरगी आजारी आहे हे तुम्हाला कसं कळतं?’

त्या पीठ मळता मळता म्हणाल्या, ‘ताई, या पोरी तापात बी जेवत्यात. खोकत जेवत्यात, रडत जेवत्यात. घरी तर दोन टाइम पोटभर कुठं भेटतं? म्हून ताट कोनी सोडत न्हाई. ज्या दिशी पोरगी ताटावरून उठली, त्या दिशी समजायचं, काम खराब हाय. मंग मी कोनाला इचारत न्हाई बघा. सरळ सांगते, न्या हिला.’

मी वहीत लिहून घेतलं. खाली दोन रेघा मारल्या. माझ्या सगळ्या अभ्यासात एवढा स्वच्छ नियम मला कुणी दिला नव्हता. मी सरांना फोन करून सांगितलं, तेही खूश झाले. म्हणाले, छान, आता हा नियम जुन्या नोंदींवर तपासून घ्या.

जुन्या नोंदी म्हणजे शाळेचं आरोग्य रजिस्टर. तीन वर्षांचं. प्रत्येक आजारी मुलीपुढं रकाने: ताप, खोकला, अंगदुखी, जुलाब, आणि शेवटी जेवण. मी जेवणाचा रकाना वरून खाली वाचत गेले. पूर्ण. पूर्ण. पूर्ण. पान उलटलं, पूर्ण. जुलाब लागलेल्या मुलीनं पूर्ण जेवण केलेलं. एका मुलीपुढं ‘घरी पाठवली’ असा शेरा होता, आणि त्याच ओळीत तिनं वसतिगृहात पूर्ण जेवण केलेलं! तीन वर्षांत त्या शाळेतल्या एकाही मुलीनं, मरणाच्या तापातही, एक घास टाकला नव्हता.

दुसरा कुणी असता तर कदाचित गोंधळला असता. मला एका नजरेत कळलं. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. तपासणी आली की आधीच्या रविवारी आमच्या ओसरीवर सतरंजी पडायची आणि पोषण आहाराचं रजिस्टर उघडायचं. संपलेला तांदूळ आणि जेवलेली पोरं यांचा मेळ लागला पाहिजे. एक पोरगं कमी जेवलं म्हणून लिहिलं, की तेवढा तांदूळ शिल्लक दिसला पाहिजे. नाही दिसला तर साहेब विचारणार, कुठं गेला? म्हणून सगळी पोरं रोज जेवायची, कागदावर. मी बोलायची, वडील लिहायचे. निळ्या रंगाचे दोन वेगवेगळे पेन ठेवायचे, म्हणजे सगळं एका बैठकीत लिहिलंय असं वाटू नये. त्यांनी तांदळाचा दाणा कधी घरी आणला नाही. पण रजिस्टर खरं लिहायचं असतं, हे त्यांच्या डोक्यात आलं नसेल, आणि माझ्याही नाही. रजिस्टर पूर्ण करायचं असतं. आमच्याकडं शब्दच तो आहे. मराठवाड्यात कुठल्याही कचेरीत जा, रजिस्टर भरतात ते तपासणीसाठी. त्याचा उपयोग करून पुढं कुणी एखाद्या पोरीचा ताप जोखणार आहे, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

हे मी सरांना सांगायला पाहिजे होतं. त्याच शब्दांत सांगायला पाहिजे होतं. सर, हा रकाना खोटा आहे, तांदळाच्या हिशेबासाठी भरलाय, मावशींचा नियम खरा आहे. तीन वाक्यं. मी काय केलं? मी सगळ्या नोंदी कॉम्प्युटरला चारल्या, आणि कॉम्प्युटर म्हणाला, या रकान्यात सगळीकडं एकच किंमत आहे, यातून काही शिकण्यासारखं नाही. बरोबरच आहे त्याचं. तो काय सतरंजीवर बसला होता थोडाच?

सर म्हणाले, ‘मॅडम, या चलात, म्हणजे जेवणाच्या रकान्यात, काही माहितीच नाही हो. काढून टाका. आणि ते स्वयंपाकघराचं पेपरात कसं दाखवणार? तज्ज्ञ म्हणून आपण कुणाचं नाव देणार?’

माझी अकरा महिन्यांची ऑर्डर पुढच्या आठवड्यात निघायची होती. बस स्टँडवर सुट्या पैशांसाठी कंडक्टरला धारेवर धरणारी मी, ‘हो सर’ म्हणाले. रकाना काढला. रकाना गेला तसा मावशींचा नियमही गेला, कारण तो त्या रकान्यावरच उभा होता. मी खोलीत येऊन ती ओळ खोडली. बोट दाबलं आणि गेली. मला त्या वेळी थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, थोडंच वाटलं.

पुढच्या पावसाळ्यात टॅब शाळेत पोचला. फोटो निघाले.

आणि थंडीत ती मुलगी ताटावरून उठली.

हे मला नंतर मावशींनी सांगितलं, नांदेडच्या दवाखान्यात, बाकावर बसून. सोमवारी दुपारी तिनं ताट पुढं सरकवलं आणि डोकं दुखतंय म्हणाली. मावशींनी अंगाला हात लावला, अधीक्षिकेकडं गेल्या, न्या म्हणाल्या. अधीक्षिकेनं टॅब काढला. ताप मध्यम. खोकला नाही. जुलाब नाही. अंगदुखी थोडी. उत्तर पिवळं. निरीक्षणात ठेवा. रात्रीही तिनं ताटाला हात लावला नाही. मंगळवारी सकाळी पुन्हा मावशी, पुन्हा टॅब, पुन्हा पिवळं. मावशी म्हणाल्या, ‘अवो मॅडम, पोरगी जेवून न्हाई राहिली!’ अधीक्षिका म्हणाली, ‘मावशी, इथं जेवणाचं काही विचारतच नाही.’

खरंच विचारत नव्हता. मी काढून टाकलं होतं ना.

बुधवारी सकाळी तिला झटके आले. भाजीचा टेम्पो नुकताच येऊन उभा होता. मावशींनी कुणाला विचारलं नाही. अर्धे कांदे खाली, अर्धे वर, तसंच पोरीला मांडीवर घेऊन टेम्पोत बसल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, हाण. आधी किनवट, तिथून अँब्युलन्सनं नांदेड. मेंदूज्वर निघाला. मला कळलं तेव्हा मी तशीच चपला घालून धावले. मावशी जिन्याजवळच्या बाकावर बसलेल्या, लुगड्याला कांद्याची टरफलं अजून चिकटलेली.

मला बघून त्या रडल्या नाहीत की काही नाही. आधी एवढंच म्हणाल्या, ‘ताई, म्या तुमाला सांगितलं होतं की न्हाई? तुमी लिहून घेतलं होतं. मंग ते कुठं गेलं?’

माझ्याकडं उत्तर होतं. मी त्यांच्यासाठी चहा आणायला गेले.

आठव्या दिवशी मुलगी वाचणार हे नक्की झालं. पण तिला ऐकू येईना. टाळी वाजवली, भांडं आपटलं, मान वळेना. मी डॉक्टरांना गाठलं, दोन दिवस आधी आणली असती तर? डॉक्टर थकलेले होते. म्हणाले, ‘असं ठाम नाही सांगता येत मॅडम. पण यात एकेक तास मोलाचा असतो. इतके दिवस कशाला थांबले?’

मला अधीक्षिकेचा असा संताप आला होता की समोर आली तर ओरबाडीन. आली ती. एकटी बाई, एवढ्या पोरी सांभाळणारी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. म्हणाली, ‘मागच्या वर्षी मी एकीला माझ्या मनानं नेलं. साधा ताप निघाला. वरून नोटीस आली, विनाकारण मुख्यालय का सोडलं म्हणून. आता मशीन दिलंय. मशीन थांबा म्हणालं, मी थांबले. माझं काय चुकलं ते तुम्हीच सांगा.’ काय सांगणार होते मी? डोंबल? तिला आम्हीच सबब दिली होती, तीही रंगीत. निर्णयाला मदत म्हणून दिलेलं ते डबडं तिच्या हातात निर्णय टाळायचं साधन झालं होतं, आणि ते झालं नसतं तरच नवल.

आता लातूरचं सांगते, म्हणजे हा राग का उतरत नाही ते कळेल.

दोन महिन्यांनी लातूरच्या एका कॉलेजात परिषद होती. सरांचं भाषण. मी मागच्या रांगेत लॅपटॉप सांभाळत बसलेली. सरांनी पडद्यावर टॅबचा फोटो लावला, लाल रंग. म्हणाले, आदिवासी भागातल्या एका मुलीला झटके येताच प्रणालीनं तत्काळ धोक्याचा इशारा दिला आणि मुलीचे प्राण वाचले. टाळ्या! अहो, कडकडून टाळ्या! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लाल झाला होता टॅब, खरं आहे. झटके आल्यावर अधीक्षिकेनं घाबरून ‘झटके’ हे बटण दाबलं तेव्हा. पण तोवर टेम्पो शाळेच्या फाटकाबाहेर पडलेला होता. झटके आलेल्या पोरीला दवाखान्यात न्या, हे सांगायला फजी लॉजिक लागतं? आमच्या गल्लीतला पानवाला सांगेल!

मी उभी राहिले. माईक नव्हता, मला लागतही नाही. म्हणाले, ‘सर, सोमवार-मंगळवारचे पिवळे फोटोही दाखवा. टॅब लाल झाला तेव्हा मुलगी टेम्पोत बसलेली होती. तिला स्वयंपाकीण मावशींनी नेलं. आणि मुलगी आता बहिरी आहे, तेही सांगा.’

अध्यक्षस्थानी बसलेल्या गृहस्थांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, ‘अतिशय जिवंत चर्चा. चहा निवतोय, घेऊ या.’ आणि सगळे उठले! खुर्च्यांचा आवाज, चपलांचा आवाज, बिस्किटांचे पुडे. एक मुलगा मात्र थांबून मला म्हणाला, ‘मॅडम, तो डेटा मिळेल का?’

परतीच्या गाडीत मला वाटलं सर आता फाडून खातील. ते तर हसले. म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही फार भावनिक होता. पण मुद्दा उत्तम आहे हं. जेवणाचा चल परत घ्या. आधी न घेता आणि मग घेऊन, अशी तुलना करू. दुसरा पेपर सहज होतो.’ मी खिडकीकडं तोंड करून बसले. अर्धापूरला जाणारे केळीचे ट्रक... नाही, ते त्या रस्त्याला नसतात. मी काय बघत होते मला आठवतही नाही, एवढी माझी मती गुंग झाली होती.

आणि माझी ऑर्डर निघाली. मी घेतली. राजीनामा तोंडावर फेकला असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण नाही फेकला. खोलीचं भाडं होतं, आणि दुसरं कारण, जे मी स्वतःला सांगत होते, की निदान तो नियम तरी परत घालू. घातला. आता ताट सोडलेल्या मुलीचं नाव मावशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहितात आणि टॅबमध्ये ते पहिलं विचारलं जातं. रजिस्टरमध्ये अजूनही सगळ्यांचं जेवण पूर्ण आहे. ते तसंच राहणार.

मोहफुलांचा हंगाम होता तेव्हा मी त्या मुलीच्या घरी गेले. जीप सोडून पुढं अर्धा तास चालत. कशासाठी गेले, नक्की सांगता येत नाही. माफी मागायला असेल. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती आणि ती मुलगी पाय पसरून बसली होती, सुकलेली वेचत. मी हाक मारली. मग माझी मलाच लाज वाटली. जवळ जाऊन खांद्याला हात लावला तेव्हा ती दचकून वळली आणि ओळखीचं हसली.

तिच्या बापानं बाज टाकली. धाकटी पाच-सहा वर्षांची बहीण येऊन माझ्या मांडीला टेकली आणि माझ्या खिशातला पेन काढून खेळायला लागली. बापानं दोन्ही हात जोडले, मी नको नको म्हणत असताना.

‘मॅडम, तुमच्या मशीनीनं पोरगी वाचली. हॉस्टेलच्या मॅडमनं सांगितलं मले. मशीन लाल झालं म्हने, म्हनून नेली. आता जूनमदी हिले बी तिथंच टाकतो.’ धाकटीकडं बोट केलं. ‘बायको नको म्हनते. मी म्हनलं, तिथं मशीन हाय, आता काई भेव न्हाई.’

मला वाटलं गप्प बसावं. एकदा गप्प बसले होते, तेही याच्या थोरल्या लेकीच्या जिवावर.

‘मशीननं नाही वाचवलं,’ मी म्हणाले. ‘स्वयंपाकाच्या मावशींनी वाचवलं. त्यांनी कुणाला न विचारता टेम्पोत घातली.’

त्यानं जोडलेले हात खाली घेतले. ‘मंग मशीन काय म्हनून राहिलं होतं?’

‘थांबा म्हणत होतं. दोन दिवस.’

‘थांबा म्हनायले त्याले कोनं शिकवलं?’

‘मी.’

त्यानं ओरडावं, मला हाकलून द्यावं, असं मला फार वाटत होतं. भांडण मला येतं. तो ओरडला नाही. त्यानं धाकटीला त्यांच्या बोलीत हाक मारली. तिनं पेन बाजेवर ठेवला आणि उठून त्याच्याकडं गेली. तिला कडेवर घेऊन तो आत निघून गेला आणि दार लोटलं.

थोरली तिथंच होती, फुलं वेचत. तिला यातलं काहीच ऐकू आलेलं नव्हतं. मला एकटीलाच बसलेलं बघून ती उठली, तांब्या भरून आणला, आणि हसून माझ्यापुढं धरला.